नेहमीच्या ठिकाणी, नेहमीच्या वेळी

आम्ही इंग्लंडातल्या या गावात राहायला आलो २०१९ च्या ऑगस्टमध्ये, आणि सप्टेंबर संपायच्या आतच गावच्या नोटीस बोर्डावर एक फिकट पिवळा कागद लागला. हार्वेस्ट सपर, शनिवारी, नेहमीच्या ठिकाणी, नेहमीच्या वेळी, आपापली ताटली आणि काटेचमचे घेऊन यावे. बास, एवढंच. आता सुगीचं जेवण म्हणजे चर्चचंच काहीतरी असणार असं धरून मी नि नवरा संध्याकाळी साडेसहाला पातेलंभर मटारची उसळ, दोन ताटल्या आणि एक टॉर्च घेऊन चर्चपाशी जाऊन उभे. चर्चला कुलूप. आजूबाजूला थडगी आणि कुठेतरी झाडात घुबड. पंधरा मिनिटं थांबलो, मग व्हिलेज हॉलवर गेलो, तिथेही अंधार. घरी आलो आणि ती उसळ पुढचे तीन दिवस दोघांनी खाल्ली.

सोमवारी शेजारच्या आजी कुंपणापलीकडून म्हणाल्या, परवा दिसला नाहीत तुम्ही. म्हटलं ठिकाणच सापडलं नाही. त्यांना खरंच नवल वाटलं. अहो ठिकाण काय, नेहमीचंच की, वरच्या फार्मवरचं कोठार, हॉलचं छप्पर गळायला लागलं तेव्हापासून तिथेच करतो आपण. म्हटलं छप्पर कधी गळायला लागलं? त्यांनी जरा आठवून पाहिलं. १९८२ असेल.

(छप्पर त्यानंतर दोनदा दुरुस्त झालंय. जेवण अजून कोठारातच होतं.)

तर हे असं गाव. हेरफर्डशायरचा उत्तरेकडचा भाग, पश्चिमेला वेल्सचे डोंगर, मध्ये सफरचंदाच्या बागा, लाल माती, पांढऱ्या तोंडाची तांबडी गुरं, काळ्या लाकडांची पांढरी घरं. बाजाराचं गाव म्हणजे लेमस्टर, जे लिहितात लिओमिन्स्टर. पहिल्या महिन्यात मी बसवाल्याला लिओमिन्स्टरचं तिकीट मागितलं तर त्याने न हसता तिकीट दिलं, पण 'लेमस्टर' असं हळूच म्हणून दिलं. इथं लिहिलेलं एक आणि म्हणायचं दुसरं, हे तेव्हाच कळायला हवं होतं मला.

बोर्ड बसस्टॉपच्या शेजारी आहे. ओकच्या लाकडाची चौकट, पुढं काचेची दोन दारं, त्यातल्या डाव्याला कुलूप आणि उजवं कुणीही उघडावं असं. डावीकडे पॅरिश कौन्सिल म्हणजे आपली ग्रामपंचायतच म्हणा, उजवीकडे गाव. आत हिरवं कापड, त्याला टाचण्यांची इतकी भोकं की बोट फिरवलं तर चाळणीसारखं लागतं. उजव्या बाजूला मी आले तेव्हा काय काय होतं सांगते. व्हिस्ट ड्राइव्ह, म्हणजे पत्त्यांचा डाव. चिमणी साफ करून मिळेल. सेप्टिक टँक उपसून मिळेल. चर्चच्या फुलांची पाळी कुणाची कधी. घंटा वाजवायला शिकायचं असेल तर मंगळवारी या. अंडी, फाटकापाशी, पैसे डब्यात टाका. मंगळवार आणि शुक्रवारच्या बसचं वेळापत्रक. आणि खाली कोपऱ्यात, ऊन लागून निळसर झालेला एका मांजराचा फोटो. हरवलंय, तांबूस बोका, डावा कान फाटलेला, माणसाळलेला आहे, नाव मार्मलेड.

मी त्या बोक्याला शोधत होते. खरंच सांगते, नवीन गाव, ओळख नाही, काम घरून, दुपारी फिरायला जायचे तेव्हा प्रत्येक कुंपणाखाली वाकून बघायचे. म्हटलं सापडला तर निदान एका घराशी ओळख होईल.

आईला फोनवर बोर्डाचं सांगितलं तर ती म्हणाली, म्हंजे तिकडं दवंडी देत न्हाईत व्हय? आमचं माहेरचं गाव कराडपासून जवळ. लहानपणी कोतवाल डफडं बडवत यायचा, ऐका हो ऐका, आणि मग पाणीपट्टी, लस, ग्रामसभा, काय असेल ते. त्या ओरडण्यात एक गोष्ट पक्की होती की तो ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी ओरडायचा. कुठे, किती वाजता, कुणी यायचं, सगळं तीनतीनदा. इथला बोर्ड उलटा. ज्याला आधीच सगळं ठाऊक आहे त्याला आठवण करून द्यायला तो आहे. नोटीस वाचून कळलं पाहिजे अशी इथे कुणाची अपेक्षाच नाही, वाचून फक्त 'हो हो, शनिवारी नाही का' असं वाटलं पाहिजे.

डावी बाजू मात्र तशी नाही, ती कायद्याची. पॅरिश कौन्सिल हा प्रकार इंग्लंडात १८९४ च्या कायद्याने आला, आज देशभरात अशी सुमारे १०,००० कौन्सिलं आहेत, काहींच्या हाताखाली अख्खं शहर तर काहींच्या हाताखाली दोनशे माणसं, एक बाक आणि एक बसथांबा. घरपट्टीतला एक छोटा हिस्सा त्यांच्याकडे येतो. गवत कापणं, बाक रंगवणं, आणि आमच्या जिल्ह्यात लेंग्थ्समन नावाचा एक गडी असतो तो रस्त्याकडेची गटारं आणि चर मोकळे करतो, त्याचे पैसे. सभेची नोटीस ठळक जागी पूर्ण तीन दिवस आधी लागली पाहिजे, आणि त्यात लावली तो दिवस धरायचा नाही, सभेचा दिवस धरायचा नाही, रविवार तर नाहीच. म्हणजे मंगळवारी सभा असेल तर गुरुवारी कागद काचेच्या आत हवा. हे मला इतकं पाठ कसं, तर २०२२ मध्ये ज्या काकांकडे कुलपाची किल्ली होती त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि क्लार्कबाईंनी ती माझ्याकडे दिली. का तर माझं घर बोर्डापासून सगळ्यात जवळ. मी उगाच आपला स्वीकार झाला वगैरे समजून आईला फोन करून सांगितलं, आई म्हणाली, कोतवालीण झालीस की गं.

सभेला मी जाते. गावातले लोक म्हणून बहुतेक वेळा मी एकटीच असते, कधी कुणाला खड्ड्याची तक्रार असेल तर दोघं. सात सभासद, क्लार्क आणि मी, हॉलमध्ये हिटर तासाला नाणं टाकून चालणारा. आपल्याकडे ग्रामसभेला माणसं भरत नाहीत म्हणून ती तहकूब करतात आणि मग तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून कारभार उरकतात, त्याची आठवण यायची. पण खरी गंमत इतिवृत्तात. कुंपणावरून दोन सभासद चाळीस मिनिटं एकमेकांवर लालबुंद झालेले मी डोळ्यांनी पाहिलेत, आणि पुढच्या महिन्यात काचेआड काय लागलं, तर 'रस्त्यालगतच्या कुंपणाबाबत विचारविनिमय झाला. क्लार्कने पत्र लिहावे.' ते दोघं गेली अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, हे मला नंतर घंटा वाजवणाऱ्या बाईंकडून कळलं. 'विचारविनिमय' वाचला की आता मी समजून जाते.

चेशायरमधल्या हँडफर्थच्या कौन्सिलची झूमवरची मीटिंग आठवत असेल बऱ्याच जणांना, डिसेंबर २०२० ची, व्हिडिओ पसरला फेब्रुवारी २०२१ मध्ये. जॅकी वीव्हर नावाच्या बाई सभा चालवायला आलेल्या आणि एक सभासद त्यांच्यावर ओरडतो की तुम्हाला इथे काही अधिकार नाही, आणि त्या शांतपणे त्याला मीटिंगमधून बाहेर काढतात. लॉकडाऊनमध्ये अख्खा देश हसला. मी क्लार्कबाईंना लिंक पाठवली, त्या अजिबात हसल्या नाहीत. म्हणाल्या, याच्यात वेगळं काय आहे?

उजव्या बाजूचं माझं सगळ्यात आवडतं म्हणजे आभाराचे कागद. 'शनिवारच्या कॉफी मॉर्निंगसाठी केक करणाऱ्या, खाणाऱ्या आणि नंतर खुर्च्या उचलणाऱ्या सर्वांचे आभार. जमा रक्कम २८७ पाउंड ४३ पेन्स.' ते ४३ पेन्स! कुणीतरी खिशातली तीन तांबडी नाणी टाकली असणार आणि कुणीतरी ती मोजून लिहिली. आपल्याकडे वर्गणीच्या फळ्यावर नाव आणि आकडा दोन्ही असतं, आणि नाव आकड्याच्या क्रमाने असतं हे सगळ्यांना माहितीये. इथं आकडा पैशापर्यंत चोख आणि नाव एकाचंही नाही. नाव कुठे दिसतं, तर मेल्यावर बाकावर. 'हिला इथे बसायला आवडायचं.' पितळी पट्टी, दोन स्क्रू. मला दोन्ही पद्धती कळतात, पण खरं सांगू का, फळ्यावर आबांचं नाव तिसऱ्या नंबरला बघून झालेला आनंद मला अजून आठवतो, आणि त्या आनंदात वाईट काय होतं ते काही मला अजून पटलेलं नाही.

बोर्डाच्या पलीकडे लाल टेलिफोन बूथ आहे. हे जे सगळ्यांच्या फ्रिजवर मॅग्नेट असतं ते डिझाइन जाइल्स गिल्बर्ट स्कॉटचं, पंचम जॉर्ज बादशहाच्या राज्याला २५ वर्षं झाली तेव्हाचं, १९३५ चं. मोबाइल आल्यावर कुणी वापरेना, तेव्हा २००८ पासून टेलिफोन कंपनीने गावांना एक एक पाउंडात दत्तक दिले. आमच्यात आता डिफिब्रिलेटर, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला झटका द्यायचं यंत्र आहे, आणि खालच्या फळीवर वाचून झालेली पुस्तकं, त्यात खुनाच्या कादंबऱ्या सगळ्यात जास्त. हार्ट अटॅक आला तर माणसाने आधी रहस्यकथा बाजूला करायच्या.

मग पॅरिश मॅगझिन. महिन्याला एक, ए फाइव्ह साइज, मधे दोन स्टेपल. हा प्रकार इंग्लंडभर रुजला तो १८५९ मध्ये, डर्बीच्या जॉन अर्स्किन क्लार्क नावाच्या पाद्र्याने काढलेल्या अंकापासून, त्याची आयडिया अशी की मधली पानं सगळ्यांना सारखी छापून पाठवायची आणि बाहेरची पानं ज्या त्या गावाने आपापली लावायची. आता मधलं सारखं काही उरलं नाही, सगळंच गावचं. एका रेक्टरकडे, म्हणजे पाद्र्याकडे, सात चर्च, त्यामुळे पहिल्या पानावर कुठल्या रविवारी कुठल्या चर्चमध्ये प्रार्थना याचा तक्ता, तो समजायला मला वर्ष लागलं. पुढे रेक्टरचं पत्र, मागे जाहिराती, जळाऊ लाकडं, चिचुंदऱ्या पकडणारा, अंत्यविधी करणारे. आमच्या गल्लीतल्या चौदा घरी अंक टाकायचं काम माझं. एका घराला पत्रपेटी नाही, तिथे अंक बुटाच्या आत ठेवायचा. कुठल्या बुटात? डाव्या. हे कुठेही लिहिलेलं नाही.

मोठी बातमी हवी तर जिल्ह्याचं साप्ताहिक आहे, हेरफर्ड टाइम्स. हे निघालं १८३२ साली, आणि हे वाचून मी चहा ठेवूनच दिला, कारण १८३२ म्हणजे आपलं दर्पण! ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत काढलं ते, मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी. शाळेत पत्रकार दिनाला भाषण पाठ केलेलं त्यामुळे तारीख विसरणं शक्य नाही. दर्पण काही वर्षांत बंद पडलं, हे अजून चालू आहे, गुरांचे भाव आणि निधनवार्तांसकट. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

आता ते बोर्डावर काय नसतं त्याबद्दल.

२०२० च्या फेब्रुवारीत डेनिस वादळ आलं. वाय नदी हेरफर्डला नोंदी ठेवायला लागल्यापासून कधी नव्हती एवढी चढली, आमच्याकडे नदी नाही पण ओढा आहे, तो रात्रीत रस्त्यावर आला. बोर्डावर त्या दिवशी काय होतं? व्हिस्ट ड्राइव्ह. खरी बातमी पहाटे पाचला आली, वरच्या फार्मचा शेतकरी ट्रॅक्टरवर बसून घराघरापुढे हॉर्न वाजवत, खालचा रस्ता गेला, गाड्या वर आणा, खालचा रस्ता गेला, गाड्या वर आणा. मी नाइटगाऊनवर कोट घालून दारात उभी आणि डोक्यात एकच, आई, देतात गं दवंडी.

आणि कोंबड्या. रस्त्यावरच्या खांबाला प्लास्टिकमध्ये घातलेला कागद बांधतात, प्लॅनिंगची नोटीस, हरकत असेल तर २१ दिवसांत कळवा. कुणाची खिडकी, कुणाचा गोठा, आणि मधेच एखादी 'पोल्ट्री युनिट'. पावसात भिजलेला तो कागद इतका साधा दिसतो. पण अशा कागदांचं मिळून काय झालं तर वायच्या खोऱ्यात आज दोन कोटींच्या आसपास कोंबड्या आहेत असं म्हणतात, त्यांच्या खतातला फॉस्फरस शेतातून वाहत नदीत, उन्हाळ्यात पाणी हिरवं, तळाची वनस्पती मेली, आणि मे २०२३ मध्ये नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेने नदीची प्रकृती वाईट आणि आणखी बिघडतेय असा शेरा मारला. नदीची बातमी पेपरात खूप नंतर आली, त्याआधी कित्येक वर्षं ती खांबाखांबाला बांधलेली होती, एका वेळी एक शेड. वाचली कुणी? आम्ही सगळेच स्वस्तातली कोंबडी खातो, मी पण.

कधी कधी मात्र या गावांचं सगळं एकमेकांना माहीत असणं कामाला येतं. पोस्टाच्या होरायझन सॉफ्टवेअरने शेकडो पोस्टमास्तरांना चोर ठरवलं ते प्रकरण वाचलं असेल. हॅम्पशायरमधल्या साऊथ वॉर्नबरोला दुकान नि पोस्ट चालवणाऱ्या जो हॅमिल्टन, त्यांच्या हिशोबात कॉम्प्युटरने तूट दाखवली, ३६,००० पाउंडांची, आणि गावाने पैसे गोळा करून त्यांना भरायला दिले. शिक्षा २००८ ची, रद्द झाली २०२१ मध्ये. म्हणजे कोर्टाला कळायला तेरा वर्षं लागली ते गावाला पहिल्यापासून माहीत होतं, ही बाई असं करणार नाही. आमच्या घंटावाल्या बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, साहजिक आहे, तिच्याकडून रोज ब्रेड घ्यायचे ना ते.

मार्मलेडचा उलगडा लॉकडाऊनमध्ये झाला. मी फिरताना एका बागेच्या भिंतीवर तांबूस बोका, डावा कान फाटलेला. मी धावतच दारावर गेले, दोन मीटर लांब उभी राहून ओरडून सांगितलं की तुमच्या गावचा हरवलेला बोका तुमच्या भिंतीवर बसलाय. आतून म्हातारे गृहस्थ म्हणाले, हो, माझाच आहे. तो त्याच गुरुवारी परत आला होता. कुठला गुरुवार? २०१८ चा. म्हटलं मग कागद का नाही काढला? ते जरा गोंधळले. म्हणाले, पण सगळ्यांना माहितीये की तो परत आला.

किल्ली मिळाली तेव्हा उजवी बाजू पण साफ करावी असं मनात आलेलं, पण तो कागद काढला नाही मी. आता आपणही त्या सगळ्यांपैकी झालो तर कशाला काढायचा, असला काहीतरी माजोरडा विचार असावा.

मागच्या जूनमधली गोष्ट. वरच्या अंगाला स्ट्रॉबेरीचे पॉलिटनेल आहेत, लांबून तळं चमकावं तसं पांढरं प्लास्टिक, आणि त्यामागे कॅरॅव्हानच्या रांगा. फळं तोडायला दर उन्हाळ्यात माणसं येतात सहा महिन्यांच्या व्हिसावर, आधी बल्गेरिया रोमानियाची असायची, आता किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, नेपाळ. सीझनमध्ये आमच्या गावाएवढंच दुसरं गाव वर असतं. बोर्डावर ते एकदाच आलेत, डाव्या बाजूला, 'हंगामी कामगारांच्या निवासाच्या परवानगीस मुदतवाढ'. हार्वेस्ट सपरला त्यांना कुणी बोलवत नाही, मुद्दाम नाही हो, नेहमीचं ठिकाण त्यांना कुठे माहितीये. आणि गंमत बघा, सुगी तर त्यांनीच केलेली असते. मी पण कधी बोलवलं नाही.

तर गुरुवारी संध्याकाळी मी मंगळवारच्या सभेची नोटीस लावत होते आणि बसस्टॉपवर एक पोरगा, विशीतला, हाताची बोटं लाल, बोर्ड वाचत उभा. शुक्रवारची बस गुरुवारी येणार नाही हे त्याला सांगितलं. नेपाळचा निघाला, चितवनकडचा, आम्ही हिंदीत बोलायला लागलो. चिमणी, सेप्टिक टँक, घंटा, सगळं वाचून झालेलं त्याचं. मग त्याने खाली कोपऱ्यात बोट ठेवलं.

"दीदी, ये बिल्ली मिली क्या?"

मी तोंड उघडायच्या आत त्याने फोन काढला. फोटोत कॅरॅव्हानची पायरी, पायरीवर स्टीलची ताटली, ताटलीत डाळभात, आणि त्यावर वाकलेला तांबूस बोका, डावा कान फाटलेला. रोज संध्याकाळी येतो म्हणाला, दोन वर्षं झाली, आधीच्या पोरांनी जाताना सांगून ठेवलेलं की याला जेवायला ठेवा म्हणून. बोर्डावर फोटो बघितल्यापासून त्यांना कळत नव्हतं की कुणाला सांगायचं, आणि सांगितलं तर मांजर चोरलं असं तर म्हणणार नाहीत ना.

मी त्याच्याकडून फोटो मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी मॅगझिन टाकायला गेले तेव्हा म्हाताऱ्या गृहस्थांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोन जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला.

"तरीच," ते म्हणाले, "उन्हाळ्यात हा घरचं काही खात नाही."